तीन रेघांचा कागद

कागद साधाच. अमुक दिवशी सभागृहात हजर राहा, अमुक बाजूने मत द्या. मूळच्या ब्रिटिश रिवाजात त्या मजकुराखाली रेघा ओढत. एक रेघ म्हणजे नुसती सूचना, दोन म्हणजे हजर राहाच, आणि तीन म्हणजे सांगितलं तसंच मत द्या. त्यालाच व्हिप म्हणतात, आणि तो बजावणारा तो प्रतोद. या शब्दाचा मूळ अर्थ पाहिला आणि मी थबकलो. संस्कृतात प्रतोद म्हणजे जनावरं हाकायची पराणी!

आमदार नेत्याच्या इशाऱ्यावर हात वर करतात, ही विरोधकांची तक्रार जगभर ऐकू येते. पण अमेरिकेत 2017 साली जॉन मॅकेन यांनी स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाला हवं असलेलं आरोग्य विधेयक अंगठा खाली करून पाडलं, आणि तरी ते सिनेटर राहिले. आपल्याकडे तसं केलं तर आमदारकीच धोक्यात येते. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं ते आयाराम-गयारामांची पक्षांतरं थांबवायला. व्हिप मोडून मत दिलं किंवा नुसतं गैरहजर राहिलं आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर अपात्रतेचा अर्ज थेट विधानसभा अध्यक्षांपुढे जातो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदचं उदाहरण घ्या. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की खारट लागतं, आणि तेच पाणी पिऊन लोक मूत्रपिंडाच्या आजाराने खंगतात. समजा उद्या पाण्याच्या एखाद्या विधेयकावर इथल्या आमदाराचं मत पक्षाहून वेगळं झालं. मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला विरोधात बोलता येईल, पण मत देताना व्हिप आडवा येईल. मला हे मनापासून खटकतं. हे बंधन सरकार टिकण्या-पडण्यापुरतं आणि अर्थविषयक मतदानापुरतंच ठेवा, असं दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच सुचवलं होतं. आज विरोधात असलेले उद्या सत्तेत येतात, आणि तीच पराणी हाती धरतात.

2022 च्या जुलैत तर प्रतोदच दोन झाले. फुटलेल्या शिवसेनेत ठाकरे गटाचे सुनील प्रभू आणि शिंदे गटाचे भरत गोगावले, एकाच पक्षाच्या नावाने दोन उलटे आदेश. 4 जुलैला शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली. आमदार जागेवर उभे राहून मोजले गेले, 164 विरुद्ध 99. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नाही, मूळ राजकीय पक्षाचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 रोजी सांगितलं.

आता 18 जुलै 2022 पाहा. अवघ्या चौदा दिवसांनी तेच आमदार मुंबईच्या विधानभवनात राष्ट्रपतिपदासाठी मत द्यायला आले. या निवडणुकीत व्हिप काढताच येत नाही, आणि मतदान गुप्त असतं. आमदारांची मतपत्रिका गुलाबी, खासदारांची हिरवी, आणि निवडणूक आयोगाने दिलेलं जांभळ्या शाईचं पेन.  जळगाव जामोदच्या आमदाराच्या हातातही त्या दिवशी ते पेन होतं. पडद्याआड त्याने कुणापुढे पहिल्या पसंतीचा 1 लिहिला, हे पक्षालाही कळायला मार्ग नव्हता.