पावसानंतर पेटीपुढे पडलेल्या मृत मधमाश्या : कारणशोधाचा एक पाठ

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जांभूळ फुलते त्याच सुमारास वळवाचा पाऊसही येतो. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहते, कधी गारा पडतात, गार वारा सुटतो; आणि मग एके सकाळी लख्ख ऊन पडते. ज्या घरी मधपेटी आहे त्या घरचा विद्यार्थी अशा दिवशी शाळेत येऊन सांगतो, “गुरुजी, आमच्या पेटीपुढे माश्यांचा सडा पडलाय.” वर्गात लगेच तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो, रोग पडला. कोणी म्हणतो, शेजारच्या मळ्यात औषध फवारले. कोणी म्हणतो, थंडीने मेल्या. यांपैकी प्रत्येक कारण शक्य आहे. परंतु कारण शक्य असणे आणि ते सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद मुलांच्या मनावर ठसविण्याची याहून चांगली संधी क्वचितच मिळते.

हा प्रश्न केवळ वर्गापुरता नाही. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. अशा डोंगरी गावांत मधपेटी हे कुटुंबाच्या मिळकतीचे साधन असते. कारण चुकीचे ठरविले तर निरपराध शेजाऱ्यावर आळ येतो, किंवा उपाशी वसाहत रोगी समजून टाकून दिली जाते. तिला त्याच संध्याकाळी साखरेचा पाक मिळता, तर ती कदाचित वाचली असती.

मृत्यू हा वसाहतीचा नित्यक्रम

पेटीत पाळली जाणारी आपल्याकडील मधमाशी म्हणजे सातेरी. कामाच्या हंगामात कामकरी माशीचे आयुष्य जेमतेम पाच-सहा आठवड्यांचे असते. समजा, एका पेटीत १२,००० कामकरी माश्या आहेत आणि प्रत्येकीचे आयुष्य ४० दिवसांचे आहे. तर दररोज सरासरी ३०० माश्या मरतात आणि तितक्याच नव्या जन्मतात. हा हिशेब वरच्या वर्गातील मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा.

मग एरवी पेटीपुढे मृत माश्या का दिसत नाहीत? याचे कारण असे की बहुतेक म्हाताऱ्या माश्या रानात, मकरंद व पराग गोळा करीत असतानाच मरतात. ज्या पेटीत मरतात त्यांना इतर कामकरी माश्या उचलून दूर नेऊन टाकतात. पाऊस लागला की हे दोन्ही व्यवहार थांबतात. माश्या आत कोंडल्या जातात, आतच मरतात, आणि त्यांची शवे तळफळीवर साचतात. ऊन पडताच साफसफाई सुरू होते व तीन दिवसांची शवे एका सकाळी दाराबाहेर येतात. म्हणून शे-दोनशे माश्यांचा ढीग हा कित्येकदा संकट नसून केवळ साचलेले काम असते. ढीग हजारांच्या घरात असेल, तर मात्र शोध घेणे अगत्याचे आहे.

विचारावयाचे प्रश्न

शोध घेताना प्रश्नांना क्रम असावा.

पहिला प्रश्न : मेले कोण? नरमाशी कामकरी माशीपेक्षा आडव्या बांध्याची असून तिचे डोळे मोठे असतात. फुलोरा संपून अन्नाचा तुटवडा पडला की कामकरी माश्या नरांना बाहेर हाकलतात. मृत माश्यांत नर अधिक असतील तर हेच कारण संभवते. दाराशी पांढऱ्या अळ्या पडल्या असतील तर प्रकरण निराळे. पिशवी रोगात अळीची कातडी द्रवाने भरलेल्या पिशवीसारखी होते. या रोगाच्या थायी प्रकाराने १९९० नंतरच्या दशकात दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहतींचा फार मोठा संहार केला. परंतु हा रोग अळ्यांचा आहे; केवळ प्रौढ माश्यांचा ढीग पाहून त्याचे नाव घेणे योग्य नव्हे.

दुसरा प्रश्न : माश्या खरोखरच मेल्या आहेत काय? मधमाशीचे शरीर थंड पडले की तिचे पंख चालत नाहीत. पावसाच्या सरीत सापडलेली माशी दाराशी येऊन पडते व मेल्यासारखी दिसते. अशा दहा-वीस माश्या पानावर उचलून, वर जाळीचे कापड बांधलेल्या भांड्यात घालून उबदार जागी अर्धा तास ठेवाव्यात. काही हालू लागल्या तर त्या गारठलेल्या होत्या, हे प्रत्यक्षच सिद्ध होते.

तिसरा प्रश्न : पेटीत अन्न आहे काय? हे मधपाळानेच पाहावे. फुलोऱ्याच्या दिवसांत पेटीत अळ्या पुष्कळ असतात व त्यांच्या पोषणासाठी साठा झपाट्याने खर्च होतो. त्यात पावसाने बाहेर जाणे बंद झाले आणि फुलांतील मकरंदही धुऊन गेला, तर थोड्या दिवसांत भरभराटीची वसाहतही उपाशी मरू शकते. चौकटींत मध नाही, पेटी हाताला हलकी लागते आणि रिकाम्या घरांत डोके खुपसून माश्या मेल्या आहेत, असे दिसले तर उपासमारीविषयी फारशी शंका उरत नाही.

चौथा प्रश्न : पेटी कोरडी आहे काय? झाकण गळत असेल किंवा पेटी मागे कलली असेल तर पाणी आत साचते. पेटी दाराच्या बाजूस किंचित उतरती असावी.

पाचवा प्रश्न : भोवताली काय घडले? येथे विशेष सावधगिरी हवी. पाऊस उघडला की माश्या बाहेर पडतात. आणि पाऊस उघडला की शेतकरीही फवारणीस निघतो. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी घडत असल्याने ढीग पावसामुळे की विषामुळे, हे केवळ दिवसावरून ठरत नाही. विषबाधेत जिवंत माश्याही दारापुढे थरथरताना, पाठीवर पडून गरगरताना दिसतात. काहींच्या पायांवर परागाच्या गोळ्या तशाच असतात. सोंड बाहेर आलेली असणे हे विषबाधेचे लक्षण सांगितले जाते. परंतु उपाशी मेलेल्या माशीचीही सोंड कधी बाहेर दिसते. एकाच लक्षणावर निर्णय देऊ नये.

तुलना आणि मोजणी

दोन साध्या रीतींनी पुष्कळ उलगडा होतो. पहिली तुलना. आसपासच्या सर्व पेट्यांपुढे सारखेच ढीग असतील तर कारण बाहेरचे, म्हणजे हवामान किंवा विष, असण्याचा संभव अधिक. एकाच पेटीपुढे ढीग असेल तर अन्न, ओल किंवा रोग हे त्या पेटीच्या आतच शोधावे.

दुसरी रीत मोजणीची. दारापुढील जागा झाडून तेथे जुने धोतर अंथरावे. सलग तीन दिवस, मुंग्या व पाखरे शवे नेण्यापूर्वी भल्या सकाळी, मधपाळाने धोतरावरील माश्या मोजाव्यात आणि विद्यार्थ्याने तो आकडा वहीत लिहावा. समजा, आकडे २१०, ६० व १५ असे उतरत गेले. तर साचलेली शवे बाहेर आली व प्रकरण मिटले, असे मानण्यास हरकत नाही. आकडा तेवढाच राहिला किंवा वाढला, तर कारण अद्याप चालू आहे. मात्र उपासमारीचा संशय असेल तर तीन दिवस थांबू नये. मोजणी चालू ठेवावी, पण पाक त्याच संध्याकाळी द्यावा.

उपाय व दक्षता

पाक समभाग साखर व पाणी घेऊन करावा. तो संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवावा. उघड्यावर ठेवल्यास दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटीसाठी येतात. दुसऱ्या पेटीतील मध घालू नये, त्यातून रोग येण्याचा धोका असतो. फवारणी कारण ठरली तर शेतकऱ्याशी भांडण्यापेक्षा, माश्या परतल्यावर संध्याकाळी फवारावे व आदल्या दिवशी सूचना द्यावी, एवढा समझोता करणे अधिक हिताचे. उलगडा न झाल्यास ताज्या मृत माश्या कागदी पाकिटात घालून थंड जागी ठेवाव्यात व तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पुणे येथील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून या क्षेत्रात कार्य करीत आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वर येथे आहे.

मुलांनी पेटी कधीही उघडू नये व दाराच्या समोर उभे राहू नये. मृत माशीचीही नांगी टोचते. म्हणून तिला बोटाने उचलू नये. ज्या मुलास पूर्वी दंशाने अंगभर गांधी उठल्या असतील किंवा श्वास लागला असेल, त्याला या कामापासून दूर ठेवावे.

या पाठाच्या शेवटी शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये. पहिल्या दिवशी कोणी कोणता तर्क केला हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे आणि चौथ्या दिवशी वहीतील आकड्यांशी तो ताडून पाहावा. ज्याचा तर्क चुकला त्याला हसू नये; आपला तर्क का टिकला नाही, हे त्यानेच वर्गाला सांगावे. शेजाऱ्यावर आळ घेणारा मुलगा जर स्वतः म्हणाला, “पेटीत मधच नव्हता, गुरुजी,” तर निसर्ग-अभ्यासाचा तास सार्थकी लागला असे समजावे.