फोटोत नसलेली खोली

चार वर्षांपूर्वी इथल्या एका जुन्या बाजारात मला लाकडी स्टिरिओस्कोप मिळाला. सोबत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या जोडचित्रांची चळत. आई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आली होती. तिने त्यात डोकावले मात्र, "अगं बाई, फांदी अगदी नाकाला लागतेय की!" मग पाच वर्षांच्या लेकीची पाळी. ती म्हणाली, "त्यात काय आजी, साधा फोटो तर आहे." आम्ही सगळे हसलो. ते हसणे पुढे मला बोचले.

हे यंत्र करते तरी काय? आपल्या दोन डोळ्यांत सुमारे अडीच इंच अंतर असते, म्हणून प्रत्येकाला जग किंचित वेगळे दिसते. एकेक डोळा मिटून पाहा, समोरचा खांब सरकल्यासारखा वाटेल. हा फरक जुळवून मेंदू जवळ-लांब ठरवतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे हे आरशांच्या साहाय्याने सिद्ध केले. फोटोग्राफी जाहीर झाली १८३९ मध्ये, त्यामुळे त्यांची जोडचित्रे हाताने काढलेली होती!

पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये भिंगांची सुटसुटीत पेटी सुचवली. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात ती व्हिक्टोरिया राणीला आवडली आणि घरोघरी जोडचित्रांचे वेड पसरले. फोटोची हौस आपल्या मुंबईतही लवकरच पोचली. तिथे १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे एक सभासद.

सुरुवातीला एकाच कॅमेऱ्याने एक फोटो घेत, कॅमेरा बाजूला सरकवत आणि दुसरा घेत. तेवढ्यात ढग हलत, माणसे चालू लागत. मँचेस्टरचे जॉन बेंजामिन डान्सर यांनी दोन भिंगांचा कॅमेरा बनवून १८५६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. दोन्ही चित्रे एकाच क्षणी मिळू लागली. पण भिंग प्रतिमा उलटी पाडते. पूर्ण काच फिरवून चित्रे सुलटी केली, की डावे उजवीकडे जाते. म्हणून छापील जोडी कापून अदलाबदल करून चिकटवावी लागे. विसरलात, तर जवळचे दूर आणि दूरचे जवळ!

म्हणजे खोली कुठल्याच फोटोत नसते. ती दोघांतल्या फरकात असते आणि तो फरक मेंदूला जुळवता यावा लागतो. हे सारे वाचताना एके रात्री लेकीचे वाक्य आठवले आणि दचकलो. डोळे तपासले तेव्हा कळले, की तिचा एक डोळा आळशी आहे. मेंदू त्या डोळ्याचे चित्र बाजूलाच टाकत होता. बाहेरून काहीच दिसत नव्हते. दुसऱ्या डोळ्याने ती छान वाचत होती.

चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, चष्मा, रडारड, सगळे झाले. आता त्या डोळ्याची नजर बरीच सुधारली आहे. खोली मात्र तिला अजून अर्धवटच दिसते.

वाचकहो, साधारण सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर गुण चांगला येतो. या देशात सोळा वर्षांखालील मुलांची नेत्रतपासणी मोफत आहे. मुलाला नीट दिसते, या भरवशावर राहू नका. दोन्ही डोळ्यांनी दिसते का, ते विचारा.