सेवेला मानक कशाला?



आपली संस्था स्वयंसेवकांच्या कामासाठी गुणवत्तेचं मानक ठरवत आहे, हे कळल्यावर मंडळीतल्या काहींनी मला विचारलं, "सेवा मनापासून होते, तिला मोजमाप कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तराआधी आमची एक चूक सांगतो.

किनवट तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर आपला एक तरुण आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचा. पावसाळ्यानंतर तो येईनासा झाला. बैठकीच्या वहीत 'आवड कमी झाली' असं लिहून आम्ही मोकळे झालो. पुढे बाजाराच्या दिवशी तो भेटला, तेव्हा कळलं की पेट्रोलचा खर्च तो आईच्या मजुरीतून करत होता. आम्ही कधी विचारलं नाही, आणि त्याला मागायची लाज वाटली. तिकडे मुलं आठवडाभर वह्या घेऊन त्याची वाट पाहत बसली होती. वहीतली ती ओळ माझ्याच हातची आहे.

ब्रिटनमध्ये 'इन्व्हेस्टिंग इन व्हॉलंटियर्स' नावाचं मानक आहे. त्यात परीक्षा स्वयंसेवकाची नसते, संस्थेची असते. माणूस कसा निवडला, त्याला काम नीट समजावून दिलं का, अडचण आली तर त्यानं कुणाकडे जायचं, हे पाहतात. बाहेरचा परीक्षक स्वयंसेवकांशी स्वतः बोलतो, म्हणजे नुसत्या फायली दाखवून भागत नाही. मान्यता तीन वर्षांची, नंतर पुन्हा तपासणी. ते प्रमाणपत्र आणायला आपण निघालेलो नाही. पण हेच प्रश्न आपल्या कामाला लावले, तर आपण अर्ध्याहून अधिक ठिकाणी निरुत्तर झालो.

आपल्या महाराष्ट्रातही याची वाट जुनी आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानं १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावानं निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायका त्यांच्या आरोग्यसेविका झाल्या. त्यांना एकदा शिकवून सोडून दिलं नाही. प्रशिक्षण आठवड्या-आठवड्याला, वर्षानुवर्षं चालू राहिलं. नुसत्या तळमळीवर ते काम टिकलं नसतं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो मुलांच्या सुरक्षिततेवर. "पाळकसाहेबांचं पत्र असताना पोलिसांचा दाखला कशाला?" असं एका वडीलधाऱ्यांनी विचारलं. त्यांचं वाईट वाटणं मी समजू शकतो. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. आमच्या स्वयंसेवकांपैकी हे किती जणांना माहीत होतं? जवळजवळ कुणालाच नाही. आता वर्गात दोन मोठी माणसं असल्याशिवाय वर्ग भरत नाही, आणि १०९८ हा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असतो.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ आठवा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी ती दाबली नाही. निवडीचे निकष सांगितले आणि मंडळीला सात जण निवडायला लावले. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, हे डिप्लोमाच्या वर्गात शिकलो होतो, पण त्याचा अर्थ पोडावर कळला. आपल्या समितीत आजवर कोलामी बोलणारं एकही माणूस नव्हतं. आता दोघं आहेत. स्वयंसेवकाशी होणारा करार मराठीत लिहिलेला असला, तरी सहीआधी तो कोलामीत समजावून सांगावा, ही सूचना त्यांचीच.

काम अजून अपुरं आहे. प्रवासखर्चासाठी वेगळा निधी ठेवायचा ठराव झाला, पण त्यात सध्या तीन महिन्यांपुरतेच पैसे आहेत. आपण देणगी पाठवताना 'स्वयंसेवक प्रवास' असं लिहिलंत, तर ती रक्कम तिथेच जाईल.

तो तरुण परत आला नाही. कामासाठी हैदराबादला गेला. वर्ग आता त्याची बहीण घेते, सोबत अंगणवाडीताई असतात. जीपच्या भाड्याचा हिशेब ती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आणून देते, आणि पैसे त्याच दिवशी तिच्या हातात पडतात.