पाऊस किती आणि पाऊस कसा?

पावसाळ्यातील एक सकाळ आठवा. तुम्ही वर्गात येऊन म्हणता, “काल खूप पाऊस पडला.” शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा तुमचा मित्र म्हणतो, “छे, फारसा नव्हता!” आता खरे कोणाचे मानायचे?

रिमझिम, संततधार, मुसळधार हे शब्द पाऊस कसा होता ते सांगतात. अशा वर्णनाला गुणात्मक वर्णन म्हणतात. पाऊस किती पडला हे मात्र मोजूनच कळते. मोजून आकडा आणि एकक सांगणे म्हणजे संख्यात्मक मोजमाप.

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाची जुनी दगडी इमारत आहे. हवामान विभागाचे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून येथे आले, म्हणून हे नाव पडले. पाऊस मोजण्याच्या साधनाला पर्जन्यमापक म्हणतात. उघड्या जागी ठेवलेल्या या साधनातील पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजतात. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी.

२५ जुलै २०२४ रोजी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत शिवाजीनगरला ११४.१ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ११४ लिटर पाणी पडले! हवामान विभाग ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर पावसाला ‘मुसळधार’ म्हणतो. ११५.६ मिलीमीटरपासून ‘अति मुसळधार’ पाऊस सुरू होतो. आपण बोलताना हे शब्द अंदाजाने वापरतो. येथे मात्र त्यांना आकड्यांची सीमा दिलेली आहे. म्हणून इशारा ऐकणाऱ्या सर्वांना त्याचा एकच अर्थ कळतो.

मग आकड्याने सगळे कळते का? नाही. त्याच दिवशी खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडले होते. सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत घरांत पाणी शिरले. शिवाजीनगरच्या आकड्यात ते पाणी दिसत नाही. कोणाच्या घरातले काय भिजले, लहान मुले किती घाबरली, हेही त्यात नाही. ते जाणण्यासाठी माणसांना भेटावे लागते, त्यांचे बोलणे ऐकावे लागते.

आकडा तुलना करायला आणि वेळीच सावध व्हायला मदत करतो. वर्णन त्या आकड्यामागची परिस्थिती दाखवते. आपल्याला दोन्ही हवेत.

या पावसाळ्यात तुम्हीही एक प्रयोग करा. सपाट तळाची, सरळ बाजूंची काचेची बरणी उघड्या जागी ठेवा. रोज ठरलेल्या वेळी पट्टीने पाण्याची उंची मिलीमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा आणि बरणी रिकामी करा. आकड्याशेजारी एक वाक्यही लिहा : आज पाऊस कसा होता? मग वर्गात कोणी “खूप पाऊस पडला” म्हणाले, तर तुम्ही वही उघडून दाखवू शकाल.