सातातल्या चार

अकोल्यात एका मंगल कार्यालयाच्या ऑफिसात गाडगेबाबांचं तैलचित्र पाहिलं. बाबांच्या चित्रांना वऱ्हाडात तोटा नाही. २०००-०१ साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हापासून तर ग्रामपंचायतीच्या भिंतीही सुटल्या नाहीत. पण या चित्रात डोक्यामागं प्रभावळ नव्हती आणि एका कानातली बांगडीची काच अशी हिरवीगार लकाकत होती, की हॉलचं भाडं विचारायचं राहूनच गेलं. मॅनेजरनं चित्रकाराचा पत्ता दिला तो अमरावतीचा, राजापेठेकडच्या एका गल्लीतला.

टिनाच्या शेडमध्ये शिरताच टर्पेंटाइन नाकात जातं. दोन मिनिटांनी त्याच्याखालून दुसरा वास वर येतो, जवसाचा. ज्या जवसाची आपण चटणी कुटतो, त्याच्याच तेलात हे रंग खलतात. चित्रकार काका आधी एसटीच्या डेपोत पाट्या रंगवायचे, आता रिटायर आहेत. "मले कोनं शिकवलं नाई जी. क्यालेंडरं पाहू पाहू शिकलो."

मांजरपाट ताणायचा, फेविकॉल आणि खडूच्या भुकटीचा हात द्यायचा, कोळशानं आकृती काढायची, हे सगळं भराभर होतं. खरा वेळ जातो वाळण्यात. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. काकांच्या भाषेत, "तेल हवा खाते." म्हणून खालचे थर पातळ, तेलकट थर वर, उलटं केलं तर पुढं भेगा पडतात. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर तो आतल्या आत तापून पेटही घेतो. इथं प्रत्येक चिंधी तारेवर वेगळी टांगलेली. बाबांच्या अंगावरच्या ठिगळांचे रंग काका त्या तारेकडं बघूनच ठरवतात.

"चेहरा चुकला तरी लोकं वयखते," ते म्हणाले. "पन सातातल्या चार वस्तू पायजेत." गाडगं, खराटा, ठिगळांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात काच, दोन पायांत दोन तऱ्हेची पायताणं आणि डोक्यावर खापर. सातातल्या चार असल्या की माणूस हात जोडतो. पाट्या रंगवणाऱ्याचाच हा हिशेब: गाडी सुटायच्या आत वाचता आलं पाहिजे.

काचेवर मात्र त्यांनी दुपारभर काम केलं. आधी जवळजवळ काळा वाटावा असा हिरवा. तो आदल्या आठवड्यातच वाळून तयार होता. त्यावर भरपूर तेलात कालवलेला पातळ हिरवा, ब्रशनं नाही, करंगळीनं. मग चिंधीनं अर्धा पुसून काढला आणि शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका, मोहरीएवढा. तेवढ्यानं काच पेटली.

कवडी देवीची, काच विधवेच्या फुटलेल्या बांगडीची, असा ते अर्थ लावतात. कोणी सांगितलं? "कोनं नाई. रंगवता रंगवता समजलं." मला हे जरा जोडलेलं वाटतं. शेंडगावात जन्मलेल्या, मूर्तिजापूरकडं मामाच्या घरी गुरं राखून वाढलेल्या डेबूजीनं, म्हणजे गाडगेबाबांनी, लोकांनी टाकून दिलेलं ते अंगावर चढवलं, इतकं मला पुरतं. पण खराट्याबद्दल ते बोलतात तेव्हा माझी हरकत संपते. सरकारी भिंतींवरचा खराटा कोरा असतो, काड्या सगळ्या सारख्या. काकांचा एका अंगानं झिजलेला, कारण झाडणारा हात एकाच बाजूनं ओढतो.

प्रभावळीवरून गिऱ्हाइकांशी रोजची कटकट. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला, देव भिंतीवर आले आणि त्यामागून क्यालेंडरं. तेव्हापासून चित्रातल्या पूज्य माणसाच्या डोक्यामागं उजेड हवाच, अशी आपल्या डोळ्यांना सवय झाली. आपल्याला कोणी शिष्य नाही म्हणणाऱ्या, पाया पडू न देणाऱ्या माणसालाही त्यातून सुटका नाही.

काकांना स्वतःला अभिमान आहे तो मात्र कोपऱ्यातल्या दुसऱ्या चित्रांचा. कापसाच्या बोंडात रडणारा डोळा, नांगराला साखळदंड, भेगाळलेल्या जमिनीतून वर आलेला हात. "हे माह्या मनातले," ते म्हणाले. दुःख खरं आहे, आणि अमरावती-अकोल्यात ते कोणाला सांगायलाही नको. पण ती चित्रं बघताच संपतात. त्यात झिजलेला खराटा कुठंच नाही. मी तसं म्हणालो. काका हसले नाहीत. "बाबाचं चित्र लोकं नेते. हे कोनं नेत नाई, म्हनून हेच माह्यं," म्हणाले, आणि बोंडातल्या डोळ्यावर पांढऱ्याचा आणखी एक थर द्यायला बसले.