घाटाखालून घाटावर

पहाटे ४.३०. चाकांची हवा, रेडिएटरचं पाणी, समोरची काच. डिझेल कालच भरून ठेवलं होतं. सवारी पुण्याची, पाच माणसं. काल शेगावात दर्शन झालं, मुक्काम खामगावात. आज त्यांना लोणार दाखवायचं आणि रात्री शेगावला रेल्वेत बसवायचं. पिंपळगाव राजात गाडी भाड्यानं चालवणाऱ्याचा दिवस असा दुसऱ्याच्या तिकिटाच्या वेळेवर चालतो.

५.३०, खामगाव. माणसं अजून अंघोळीत. निघायला सव्वासहा झाले. आजींना कचोरी खाऊनच निघायचं होतं. म्हटलं, "आजी, कचोरी संध्याकाळीही मिळेल, ऊन काही आपल्यासाठी थांबणार नाही." त्यांना ते पटलं, नातवाला नाही.

७.००. घाट लागला. आमच्या जिल्ह्यात माणूस एक तर घाटावरचा, नाही तर घाटाखालचा. सोयरीक जुळवतानाही हे विचारतात. घाटाखालचं पाणी ज्ञानगंगा, नळगंगेतून पूर्णेला आणि तापीमार्गे अरबी समुद्राला मिळतं. घाटावर पैनगंगा भेटते, तिचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात जातं. एका सकाळीत आपण दोन समुद्रांच्या मधली धार ओलांडतो, हे सांगितलं की मागच्या सीटवरचे मोबाइल जरा वेळ खाली जातात.

जानेफळ, मग मेहकर. मेहकरला मी गाडी थांबवली नाही. लोणार सकाळी आणि मेहकर दुपारनंतर, हा माझा क्रम. विवराचा उतार उन्हात उतरलात तर चढताना देव आठवतो.

९.००, लोणार. काठावर उभं राहिलं की सगळे आधी गप्प होतात आणि मग फोटो काढतात. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, उल्कापातानं झालेलं. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ मध्ये त्याची नोंद केली. बेसाल्ट खडकातलं हे जगातलं एकमेव विवर, असं अजूनही ठोकून सांगितलं जातं. मीही सांगायचो. मागे भूशास्त्राचे एक प्राध्यापक गाडीत होते, ते म्हणाले, ब्राझीलच्या दक्षिणेत व्हार्जेआव आणि व्हिस्टा अलेग्रे ही दोन विवरं बेसाल्टातलीच आहेत, लोणारहून कितीतरी मोठी, पण झिजलेली. तेव्हापासून मी म्हणतो, 'बेसाल्टातलं सर्वांत छान टिकलेलं.' तेवढ्यानं लोणारचं काही कमी होत नाही. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा ते सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचं पुण्याच्याच आघारकर संस्थेनं शोधून काढलं. हे ऐकून पाहुणे खूश. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेलं. गोमुखाची धार, दैत्यसुदन मंदिराच्या भिंतींवरचं कोरीवकाम पाहता पाहता १२.३० वाजले.

१.००. ढाब्यावर पिठलं, भाकरी, ठेचा. ड्रायव्हरचं जेवण ढाब्याकडून. याबद्दल पाहुण्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

२.३०, मेहकर. खरा दिवस माझ्या लेखी इथे सुरू होतो. बहुतेकांना पैनगंगेकाठचं हे गाव चहाचा थांबा वाटतं. शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ती १८८८ मध्ये इथे जमिनीतून निघाली. पाहणाऱ्याला मान वर करावी लागते एवढी उंच. इंग्रज ती लंडनला नेणार म्हणून गावकऱ्यांनी घाईघाईनं प्रतिष्ठा उरकली, पूजा सुरू झालेला देव मग हलवता आला नाही, असं मेहकरात सांगतात. पलीकडे नृसिंहाचं जुनं मंदिर आहे. आणि कंचनीचा महाल. नाव महाल, उरलेत फक्त अवशेष. या महालाच्या माथ्यावरून लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा, अशी कंचनीची इच्छा होती म्हणे. त्या दंतकथेवर ना. घ. देशपांडे यांनी दीर्घकाव्य लिहिलं. 'शीळ' लिहिणारे हे कवी इथेच मेहकरात वकिली करत, गो. ना. जोशींनी ते गीत गायलं आणि तबकडीवरून ते मराठी घराघरांत पोचलं. आजींना ते गाणं पाठ होतं. कवी मेहकरचे, हे त्यांना माहीत नव्हतं.

टपरीवाला म्हणाला, "काहून भाऊ, आज एवढा वेळ?"

"आज हे लोक मेहकर पाहून राहिले."

५.००. परतीला लागलो. आता सिंदखेड राजाही 'जाता जाता' करू, असं एकानं सुचवलं. जिजाऊंचं जन्मस्थान जाता जाता करायचं नसतं, शिवाय ते वाटेवरही नाही, असं सांगून मी गिअर टाकला.

७.३०. खामगाव, कचोरी. नातू शांत.

८.४५, शेगाव स्टेशन. वाढीव किलोमीटरवरून थोडी घासाघीस झाली, नेहमीसारखी. पिंपळगावात पोचायला १०.१५.

लोणारला येणार असाल तर मेहकरसाठी दोन तास राखून ठेवा, आणि ते गाडी ठरवतानाच सांगा, म्हणजे भाड्यावरून रात्री स्टेशनावर वाद होणार नाही.