वाकलेला व्हॉल्व्ह आणि थकलेली स्प्रिंग

मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो आणि मिटतो. उघडतो कॅमच्या धक्क्याने. मिटवायचे काम बहुतेक इंजिनांत स्प्रिंगचे. वेग हद्दीपलीकडे गेला की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह क्षणभर उघडाच राहतो आणि वर येणारा पिस्टन त्याला ठोकरतो. शर्यतीत घाईने चुकून खालचा गिअर पडला तरी हेच. तेव्हा फेरे रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही हतबल, कारण इंजिनाला चाकेच फिरवत असतात.

असे इंजिन आले की जाणकार मेकॅनिक लगेच पाना उचलत नाही. व्हॉल्व्ह मिटलेले असायला हवेत अशा स्थितीत तो सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडतो आणि कान देतो. फुसफुस एक्झॉस्टच्या नळीतून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा आत घेणाऱ्या नळीतून आली तर इनटेक. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर संशय पिस्टनच्या रिंगांवर.

मग हेड उतरते. वाकलेला व्हॉल्व्ह बदलून भागत नाही. तो बहुधा बळी असतो. थकलेली स्प्रिंग तशीच ठेवली तर नवाही जायचा. म्हणून प्रत्येक स्प्रिंगचा दाब मोजतात, ऑइल फिल्टर कापून धातूचा चुरा शोधतात. सापडला तर बेअरिंगपर्यंत सगळे उघडणे आले. जोडताना पिस्टनवर मऊ माती थापून इंजिन हाताने फिरवतात. दबलेल्या मातीची जाडी म्हणजे पिस्टन-व्हॉल्व्हमधले अंतर.

स्प्रिंगच्या या दुखण्यावर रेनॉने १९८६मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतारा आणला: धातूच्या स्प्रिंगऐवजी दाबाखालचा वायू. तिथल्या मेकॅनिकला आता वायूची गळती शोधावी लागते.